पैसे भरल्याचा पुरावा

बचत खात्यात पैसे भरताना खातेदार हातातली रक्कम दुसऱ्याच्या स्वाधीन करतो आणि तिच्या बदल्यात त्याला एक नोंद मिळते. ती पासबुकातली ओळ असेल, शिक्का मारलेली स्थळप्रत असेल, यंत्रातून निघालेली चिठ्ठी असेल किंवा मोबाइलवर आलेला संदेश असेल. गेल्या दहा-बारा वर्षांत पैसे भरण्याच्या रीती झपाट्याने बदलल्या आणि नोंदीचे रूपही त्यांच्याबरोबर बदलत गेले. या बदलांनी भरणा सोपा झाला, यात शंका नाही. खातेदाराच्या हातातला पुरावा तितकाच पक्का झाला का, हे मात्र प्रत्येक रीतीपुरते वेगळे पाहावे लागते.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. धानाचा आणि जंगलाचा हा मुलूख. इथल्या घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, हंगामाहंगामाने येतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी, खरीप निघाल्यावर धानाचे चुकारे, मधल्या काळात रोजगार हमीची मजुरी आणि सरकारी अनुदाने. महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा भरते, तेव्हा दुकाने मांडणाऱ्यांच्या गल्ल्यात चिल्लर आणि दहा-वीसच्या नोटा साठतात. यातला प्रत्येक पैसा खात्यात वेगळ्या वाटेने जातो, आणि बँकेची शाखा गावोगाव नसल्यामुळे ती वाट बदलली की त्याचा परिणाम थेट दिवसाच्या मजुरीवर होतो. पैसे भरायला तालुक्याला जाणे म्हणजे एक रोज बुडवणे.

खेड्यातल्या बचतीची सर्वांत जुनी वाट पोस्टाची. १८८२ साली डाकघर बचत बँक देशभर सुरू झाली, आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे तिचा कारभार कागदावर चालला. गावातले शाखा डाकघर बहुधा एका खोलीत, अनेकदा पोस्टमास्तरांच्या घरातच असे. खातेदार भरणा पावती लिहून किंवा लिहवून घेई आणि रक्कम व पासबुक पोस्टमास्तरांपुढे ठेवी. ते पासबुकात आकडा लिहीत, शिल्लक मांडत, सही करून तारखेचा शिक्का उमटवत. तोच व्यवहार त्यांच्या रोजच्या हिशेबात चढे आणि तो हिशेब पोस्टाच्या थैलीतून वरच्या कार्यालयात जाई. खात्याची खरी खतावणी तिथे असे. म्हणजे एकाच भरण्याच्या दोन नोंदी होत, एक खातेदाराच्या हातात आणि दुसरी कित्येक मैल दूर.

या पद्धतीचे बळ पासबुकात होते, आणि तिचा दुबळेपणाही त्याच ठिकाणी होता. पासबुकात नोंद आणि शिक्का असेल तर खातेदाराचा दावा भक्कम राही. पण पासबुकात लिहिलेली रक्कम रोजच्या हिशेबात चढलीच नाही, तर हे वर कळायला महिने लागत. अनेकदा व्याज मांडण्यासाठी पासबुके मागवली जात, तेव्हाच दोन्ही आकडे समोरासमोर येत. अशिक्षित खातेदार पासबुक पोस्टातच ठेवून जाई, आणि मग त्याच्याकडे काहीच उरत नसे. पासबुक ठेवून घेतले तर त्याची पावती द्यायची, हा पोस्टाचा नियम याच कारणासाठी होता. तो नियम ठाऊक असणारे खातेदार थोडे होते, हे त्या काळाचे दुखणे म्हटले पाहिजे.

डिसेंबर २०१३ मध्ये चेन्नईपासून पोस्टात कोअर बँकिंग सुरू झाले. खाते एका कार्यालयाच्या खतावणीतून निघून मध्यवर्ती संगणकावर गेले. मोठ्या डाकघरांत हा बदल दोन-तीन वर्षांत पोचला. गावातली शाखा डाकघरे मात्र वीज आणि जोडणीवाचून मागे राहिली. त्यांच्यासाठी डाक विभागाने ‘दर्पण’ प्रकल्प आखला आणि २१ डिसेंबर २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १ लाख २९ हजार ग्रामीण शाखा डाकघरांना हातात धरण्याचे यंत्र, छोटा प्रिंटर आणि सौरऊर्जेची सोय देण्याची ही योजना होती. यंत्रात खाते क्रमांक टाकला की खातेदाराचे नाव दिसते, रक्कम टाकली की व्यवहार मध्यवर्ती संगणकावर नोंदला जातो आणि पावती छापून बाहेर येते.

दोन नोंदींमधले अंतर यामुळे मिटले. गावातल्या खिडकीवरची नोंद हीच खतावणीतली नोंद झाली. पण एक नवी अडचणही आली. नेटवर्क नसेल तर यंत्र चालत नाही, आणि जंगलपट्ट्यात नेटवर्क कधी येईल याचा भरवसा नसतो. अशा वेळी ‘पैसे ठेवून जा, संध्याकाळी चढवतो’ असे सांगितले जाते. सांगणारा प्रामाणिक असतो, ऐकणाऱ्याचाही त्याच्यावर विश्वास असतो. तरीही पावती हातात येईपर्यंत तो भरणा झालेला नसतो. जुन्या काळी निदान पासबुकातली शाईची ओळ तरी लगेच मिळे. म्हणून शाखा डाकघरात यंत्राची पावती घेणे आणि पासबुकातही नोंद व शिक्का करून घेणे, ही दोन्ही कामे त्याच वेळी झाली पाहिजेत.

रकमेच्या मर्यादाही बदलल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये शाखा डाकघरातून एका दिवसात पैसे काढण्याची मर्यादा ५ हजारांवरून २० हजार रुपये झाली. त्याच आदेशाने भरण्यालाही लगाम घातला: शाखा पोस्टमास्तरने एका खात्यात एका दिवशी ५० हजार रुपयांहून अधिक रोख स्वीकारू नये. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये डाकघर बचत खात्यातली किमान शिल्लक ५० वरून ५०० रुपयांवर नेली गेली, आणि आवर्त ठेवीचा सर्वांत लहान हप्ता १० वरून १०० रुपये झाला. दहा रुपयांचा हप्ता भरणाऱ्या घरांसाठी हा बदल लहान नव्हता. सलग तीन आर्थिक वर्षे खात्यात काहीच व्यवहार झाला नाही, तर ते खाते ‘मूक’ गणले जाते. ते पुन्हा चालू करायला ओळखीची कागदपत्रे आणि पासबुक घेऊन जावे लागते.

१ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. पोस्टाचे बचत खाते आणि या बँकेचे खाते एकच आहे असे गावात अनेकांना वाटते. दोन्ही खाती वेगळी आहेत. पेमेंट्स बँकेच्या खात्यात दिवसाअखेर मर्यादेहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही. ही मर्यादा आधी १ लाख होती, एप्रिल २०२१ पासून ती २ लाख रुपये झाली. पोस्टाचे बचत खाते तिला जोडलेले असेल तर वरची रक्कम तिकडे वळते. ही जोडणी केली की मोबाइलवरून आवर्त ठेव, सुकन्या समृद्धी किंवा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे हप्ते भरता येतात. पुण्या-नागपुरात कामाला गेलेला मुलगा तिथूनच गावातल्या बहिणीच्या सुकन्या खात्यात हप्ता भरू शकतो. मे २०२२ मध्ये पोस्टाची बचत खाती एनईएफटी आणि आरटीजीएसलाही जोडली गेली. देशभरातल्या सगळ्या डाकघरांसाठी एकच आयएफएससी ठेवल्यामुळे शाखा कोणती, हे शोधण्याचे काम उरले नाही.

खातेदाराने खिडकीशी न जाता खिडकीनेच त्याच्या दारी यावे, ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दररोज दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव सुरू केली. तिची रीत पुढे महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी इतकी उचलली की बाजारपेठेतल्या दुकानदाराला आज ‘पिग्मी’ हा मराठीच शब्द वाटतो. पोस्टात १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली. तिच्या अभिकर्त्या घरोघरी जाऊन आवर्त ठेवीचे हप्ते गोळा करतात आणि खातेदाराकडच्या कार्डावर त्याची नोंद करतात. पिग्मी प्रतिनिधीकडे आता छोटे छपाई यंत्र असते. तरी अभिकर्त्याच्या हाती पैसे दिले म्हणजे ते खात्यात जमा झाले, असे होत नाही. कार्डावरची सही त्याने रक्कम घेतल्याचा पुरावा आहे, तर जमा झाल्याचा पुरावा पासबुकातच मिळतो. दर महिन्याला दोन्ही जुळवून पाहणे हाच त्यावरचा उपाय. आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. बँकेतल्या ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पोस्टाच्या बचतीमागे सरकार उभे आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा ठेव विमा लागू नाही.

रोख भरण्याचे नियम किती अचानक बदलू शकतात, हे ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या पन्नास दिवसांत सगळ्यांनी पाहिले. ५०० आणि १,००० च्या जुन्या नोटा ३० डिसेंबरपर्यंत खात्यात भरायच्या होत्या. पण १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या स्वीकारण्याची मनाई झाली. ग्रामीण महाराष्ट्रात शेतकऱ्याचे खाते बहुधा याच बँकेत असते, पीककर्ज तिथून मिळते आणि परतफेडही तिथेच होते. ज्याचे दुसरीकडे खाते नव्हते, त्याला आपल्याच पैशासाठी नवे खाते उघडण्याच्या रांगेत उभे राहावे लागले. १९ डिसेंबरला आणखी एक आदेश निघाला: ५ हजारांहून अधिक जुन्या नोटा एकदाच भरता येतील, आणि आतापर्यंत का भरल्या नाहीत याचे उत्तर द्यावे लागेल. दोनच दिवसांत तो मागे घेतला गेला. सहकारी बँकांवरच्या बंदीचा सर्वांत मोठा भार खेड्याने सोसला, हे स्पष्टपणे नोंदवून ठेवले पाहिजे.

१९ मे २०२३ रोजी २ हजारांची नोट मागे घेतली गेली, तेव्हा घाई तितकी नव्हती. ७ ऑक्टोबरपर्यंत ती बँकेत भरता आली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत भरण्याची सोय राहिली. विदर्भासाठी त्यातले जवळचे कार्यालय नागपूरचे. तिथे जाणे शक्य नसेल तर कोणत्याही डाकघरातून नोटा पोस्टाने रिझर्व्ह बँकेकडे पाठवून रक्कम खात्यात जमा करून घेण्याची तरतूदही केली गेली.

नेहमीच्या रोख भरण्यातही काही अटी आहेत. प्राप्तिकराच्या १९६२ च्या नियमावलीने एका दिवसात ५० हजारांहून अधिक रोख भरताना पॅन देण्याची, आणि पॅन नसल्यास फॉर्म ६० भरण्याची अट घातली. २६ मे २०२२ पासून वर्षभरात २० लाखांहून अधिक रोख भरणाऱ्याला पॅन किंवा आधार देणे बंधनकारक झाले. भरायला आणलेल्या नोटांत बनावट नोट सापडली तर तिची रक्कम जमा होत नाही आणि ती परतही मिळत नाही. बँकेने तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची आणि पोच द्यायची असते. एका व्यवहारात अशा चारपर्यंत नोटा असतील तर महिन्याच्या अखेरीस पोलिसांना एकत्रित कळवले जाते, पाच किंवा अधिक असतील तर लगेच गुन्हा नोंदवला जातो. यात्रेतल्या दुकानदाराने गल्ला भरण्याआधी नोटा उजेडात पाहून घेणे त्याच्याच हिताचे आहे.

चिल्लर हा याच दुकानदाराचा दुसरा प्रश्न. बँक नाणी घेत नाही, अशी तक्रार खेड्यात सर्रास ऐकू येते. रिझर्व्ह बँकेने बँकांना नाणी स्वीकारायला सांगितले आहे, आणि शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या बांधून आणल्यास मोजणी सोपी होते असेही सुचवले आहे. १० रुपयांच्या नाण्याबद्दल तर २०१८ च्या जानेवारीत तिने जाहीरच केले होते की वेगवेगळ्या चौदा नमुन्यांची सगळी नाणी चलनात आहेत.

रोख भरण्याची खिडकीही आता यंत्राकडे गेली आहे. शहरातल्या आणि तालुक्याच्या काही शाखांत नोटा मोजून घेणारी यंत्रे आहेत. २९ ऑगस्ट २०२४ रोजी यूपीआय वापरून, कार्डाशिवाय अशा यंत्रात पैसे भरण्याची सोय सुरू झाली. पण ज्या गावापासून यंत्रच दूर आहे, तिथे या सोयीचा उपयोग मर्यादितच राहतो.

गावातल्या बऱ्याच पैशाने तर आता रोख हे रूपच सोडले आहे. हमीभावाने धान विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात नोटा येत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, म्हणजे चाळीस क्विंटलचे ९२ हजार रुपये. एवढी रक्कम खरेदी यंत्रणा थेट त्याच्या खात्यात टाकते. इथे खाते क्रमांक हाच सगळा आधार असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या निर्देशानुसार असे पैसे केवळ क्रमांक पाहून जमा केले जातात, नाव जुळलेच पाहिजे असे नसते. एक आकडा चुकला तर धानाचे पैसे अनोळखी माणसाच्या खात्यात पडतात आणि परत मिळवण्यासाठी त्या माणसाच्या संमतीची वाट पाहावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचे नाव दाखवण्याची व्यवस्था आली, ती याच चुकीला आळा घालण्यासाठी.

क्रमांक बरोबर असला तरी बँकच बदलू शकते. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत अनेक खेडुतांची खाती होती. १ मे २०२५ रोजी ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. असा बदल झाला की जुना आयएफएससी किती दिवस चालेल हे शाखेत विचारून घ्यावे, आणि धान खरेदीची नोंदणी, पीकविमा, शिष्यवृत्ती अशा प्रत्येक ठिकाणी दिलेला तपशील तपासावा. पासबुक नवे छापून घेणे हे त्यातले सर्वांत सोपे काम.

सरकारी अनुदानांची गोष्ट आणखी निराळी आहे. रोजगार हमीची मजुरी किंवा जुलै २०२४ पासूनचे मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये आधारच्या आधारे जमा होतात. त्यात खाते क्रमांकापेक्षा आधार क्रमांक महत्त्वाचा ठरतो. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, याची एक मध्यवर्ती नोंदवही राष्ट्रीय भुगतान निगमाकडे असते. एका आधारपुढे तिथे एकाच बँकेचे नाव राहते, आणि शेवटी जोडणी केलेली बँक आधीच्या बँकेची जागा घेते.

त्यामुळे होते असे: एखाद्या बाईचे जनधन खाते एका बँकेत, बचत गटामुळे उघडलेले दुसऱ्या बँकेत आणि पोस्टमनने घरी येऊन उघडून दिलेले तिसरे पेमेंट्स बँकेत. पैसे जनधन खात्यात येतील म्हणून ती तालुक्याला जाते. तिथे शिल्लक शून्य दिसते आणि ‘पैसे आले नाहीत’ एवढेच उत्तर मिळते. पैसे आलेले असतात, फक्त तिसऱ्या खात्यात. आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर, किंवा बँक मित्राकडे पाहता येते. नवे खाते उघडताना आधार जोडणीच्या रकान्यावर खूण करायची की नाही, हे खातेदाराला विचारूनच ठरले पाहिजे. ते अनेकदा विचारले जात नाही, आणि या साऱ्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

बँक मित्र किंवा ग्राहक सेवा केंद्र ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये मंजूर केली. गावातल्या दुकानात बसलेला माणूस बँकेच्या वतीने पैसे घेतो आणि देतो. पुढे आधार आल्यावर बोटाचा ठसा ही ओळख ठरली. साध्या बचत खात्यात महिन्यातून कितीही वेळा पैसे भरता येतात, त्यावर संख्येची मर्यादा नाही. बँक मित्राच्या कामाची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या बँकेवर असते, हेही नियमात स्पष्ट आहे. मात्र बँक जबाबदार ठरते ती यंत्रात नोंदलेल्या व्यवहारापुरती. वहीत लिहून घेतलेल्या, ‘उद्या टाकतो’ म्हणून ठेवून घेतलेल्या पैशाबद्दल बँकेकडे दाद मागणे फार कठीण होते.

अंगठ्याचा एक धोका वेगळा समजून घ्यावा. ठसा घेणारे यंत्र भरण्यासाठीही तेच आणि काढण्यासाठीही तेच. ‘ठसा नीट आला नाही, पुन्हा लावा’ असे दोन-तीनदा झाले, तर प्रत्येक वेळी पडद्यावर काय दिसले आणि कोणती चिठ्ठी निघाली हे पाहिलेच पाहिजे. शेतात आणि जंगलात राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, ठसा खरोखरच उमटत नाही, आणि नेमका याच गोष्टीचा गैरफायदा घेता येतो. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशी व्यवहार केंद्रे चालवणाऱ्यांची ओळख आणि त्यांचे काम बँकांनी अधिक काटेकोरपणे तपासावे असे निर्देश दिले. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले.

परगावी कामाला गेलेला मजूर दुकानातून रोख देऊन घरच्या खात्यात पैसे टाकतो, त्या व्यवहारालाही १ नोव्हेंबर २०२४ पासून कडक नियम लागू आहेत. पैसे पाठवणाऱ्याचा मोबाइल क्रमांक पडताळून आणि ओळखपत्र घेऊन त्याची नोंदणी करावी लागते. चेकचे काम मात्र सुकर झाले. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ठरलेल्या वेळेत बँकेत आलेले चेक स्कॅन होऊन लगोलग पुढे जातात आणि त्यांचा निकाल त्याच संध्याकाळपर्यंत लागतो.

भरलेली रक्कम खात्यात दिसली नाही, तर बँकेच्या बाबतीत आधी त्या बँकेकडेच लेखी तक्रार करावी लागते. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पेमेंट्स बँकही त्यात येते. पोस्टाचे बचत खाते येत नाही. त्याची तक्रार डाक विभागाच्या वरिष्ठ कार्यालयाकडे करायची. खात्यातून न विचारता पैसे गेले असतील तर तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवणे आणि १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवणे महत्त्वाचे.

कोणत्याही तक्रारीसोबत पहिला कागद लागतो तो पावतीचा. हातातल्या यंत्रातून निघणारी चिठ्ठी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते. उन्हात किंवा घामाने भिजलेल्या खिशात राहिली तर तिच्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. म्हणून ती त्याच आठवड्यात झेरॉक्स करून पासबुकात ठेवावी आणि तारीख, रक्कम व व्यवहार क्रमांक मागच्या पानावर पेनाने लिहून घ्यावा.